कारखान्याचें सांडपाणी आणि गांवाचा अधिकार

गोदावरीच्या उत्तर तीरावरील घनसावंगी तालुका हा मूळचा ज्वारी, कापूस व तूर यांचा मुलूख. जायकवाडीचा डावा कालवा आला, मागून गोदावरीवर जोगलादेवी, राजाटाकळी येथें उच्च पातळीचे बंधारे झाले, आणि काळ्या जमिनींत ऊस शिरला. ऊस शिरला म्हणजे कारखाना येणें ओघानेंच आलें. आज तालुक्यांत तीर्थपुरी व देवीदहेगांव येथें साखर कारखाने आहेत. शेजारच्या अंबड तालुक्यांत अंकुशनगर येथें आहे. उसाच्या पैशानें कित्येक घरांचीं कर्जें फिटलीं, मुलें शिकलीं, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु साखर कारखाना कोठलाही असो, ज्याच्या शेताचा बांध त्याच्या नाल्यास लागलेला असतो, तो हिशेबाची दुसरी बाजूही सांगूं शकतो. प्रस्तुत लेख कोणा एका कारखान्याविरुद्ध नाहीं. गांवाच्या पाण्यांत घाण आलीच, तर ग्रामपंचायतीपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत कोणास काय करण्यास भाग पाडतां येतें, व तें कोणत्या रीतीनें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम घाण कोणत्या जातीची हें ओळखलें पाहिजे. साखर तयार करतांना निघणारें पाणी आणि मळीपासून मद्यार्क काढतांना निघणारें पाणी यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. साखर कारखान्यांसाठीं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें १४ जानेवारी २०१६ रोजीं जे नियम केले, त्यांप्रमाणें गाळलेल्या एक टन उसामागें फार तर २०० लिटर पाणी बाहेर सोडतां येतें. त्यांत शुद्ध केलेलें सांडपाणी १०० लिटर व थंड करण्याच्या हौदांतील पाणी १०० लिटर. दिवसास ५००० टन ऊस गाळणारा कारखाना घेतला तर हें प्रमाण १० लाख लिटर होतें. पाण्यांतील सेंद्रिय घाण कुजतांना जो प्राणवायु खाल्ला जातो, त्याचें माप ज्यास बीओडी म्हणतात, तें नाल्यांत अथवा नदींत सोडावयाच्या पाण्यांत लिटरास ३० मिलिग्रॅमपेक्षां व जमिनीस द्यावयाच्या पाण्यांत १०० मिलिग्रॅमपेक्षां जास्त असतां कामा नये. आणखी एक अट आहे, ती गांवकऱ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी: कारखान्यास सांडपाण्याचें तोंड एकच असावें. कुंपणाखालून दुसरी नळी निघालेली दिसली तर पाण्याची तपासणी होण्यापूर्वींच नियमाचा भंग झालेला आहे.

मद्यार्काच्या कारखान्यांतून निघणारें काळपट तांबडें पाणी, ज्यास सर्वत्र स्पेंटवॉश म्हणतात, त्याची गोष्ट निराळी. एक लिटर मद्यार्कामागें तें साधारण ८ ते १५ लिटर निघतें. तें आम्ल असतें, ऊन असतें, त्यांत क्षार व पालाश भरपूर असतें, आणि त्याची बीओडी ४०,००० मिलिग्रॅमच्या घरांत व त्याहूनही अधिक असते. सरळ त्रैराशिक मांडलें तर असें एक लिटर पाणी ३० मिलिग्रॅमच्या पातळीवर आणण्यास तेराशेंहून अधिक लिटर निर्मळ पाणी मिसळावें लागेल. म्हणूनच तें आवाराबाहेर न सोडतां आटवून जाळावें, अथवा प्रेसमडमध्यें मिसळून त्याचें खत करावें, असा दंडक आहे. बंधाऱ्याच्या फुगवट्यांत तर तें फारच वाईट. वाहत्या नदींत घाण पुढें निघून जाते. अडविलेल्या पाण्यांत ती जागच्या जागीं बसते, प्राणवायु संपतो, मासे तरंगूं लागतात, आणि तेंच पाणी पुढें मोटारीनें शेतांत व झिरपून विहिरींत जातें.

येथें एक कटु गोष्ट बोलणें भाग आहे. स्पेंटवॉशमध्यें पालाश असतें म्हणून तें फुकटचें खत समजून टँकर आपल्या शेतांत सोडवून घेणारे शेतकरीही आढळतात. निचरा नसलेल्या काळ्या जमिनींत हे क्षार सांठत जातात, जमीन चिवट होते, आणि विहिरीच्या पाण्यास एकदां चहासारखा रंग चढला म्हणजे तो वर्षानुवर्षें जात नाहीं. शिवाय ज्यानें आपखुशीनें टँकर घेतला, त्यास पुढें तक्रार करण्यास तोंड राहत नाहीं. आणि त्याच्या खालच्या बांधावरचा शेजारी मात्र विनाकारण भरडला जातो. केरळांतील प्लाचिमाडा येथें कोका-कोला कंपनीनें आपल्या कारखान्यांतील गाळ शेतकऱ्यांस खत म्हणून वाटला होता. २००३ मध्यें त्यांत कॅडमियम व शिसें हीं विषारी द्रव्यें निघालीं.

कोणाचा अधिकार किती

गांवांत दोन समज प्रचलित आहेत, व दोन्ही चुकीचे आहेत. एक असा कीं, कारखाना म्हणजे सरकारचा मामला, ग्रामपंचायतीच्या हातीं कांहीं नाहीं. दुसरा असा कीं, ग्रामसभेनें ठराव केला कीं कारखान्यास कुलूप लागलेंच पाहिजे. खरी स्थिति या दोहोंच्या मधली आहे. सांडपाणी सोडण्यास संमति देणें, अटी घालणें, नमुने घेणें व अटी मोडल्यास वीज-पाणी तोडण्याचा अथवा कारखाना बंद ठेवण्याचा हुकूम देणें, हा अधिकार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. आपल्या राज्यानें पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९६९ मध्येंच, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्या पांच वर्षें आधीं केला, आणि त्याखालीं १९७० मध्यें हें मंडळ स्थापन झालें. १९८१ पासून येथें केंद्राचा कायदा लागू आहे. मंडळाचें उपप्रादेशिक कार्यालय जालना येथें आहे. केंद्राच्या कायद्यानेंच मंडळावर स्थानिक संस्थांचे पांचपर्यंत सभासद, आणि शेती, मत्स्यव्यवसाय, उद्योग व व्यापार यांच्या वतीनें तीनपर्यंत बिनसरकारी सभासद नेमण्याची सोय ठेविली आहे. शेतकऱ्यांच्या संघटना भावासाठीं जेवढा आवाज काढतात त्याच्या दशांशानें जरी या जागेकडे लक्ष देत्या, तरी फरक पडता, असें आमचें मत आहे.

ग्रामपंचायतीचें बळ तें निराळें. गांवचें पिण्याचें पाणी, गटारें व आरोग्य हीं तिचीं कामें आहेत, आणि ती कायद्यानें स्थापलेली संस्था असल्यामुळें तिच्या पत्रास एकट्यादुकट्याच्या अर्जापेक्षां अधिक वजन असतें. मात्र घनसावंगी व तीर्थपुरी या दोन मोठ्या गांवांत आतां नगरपंचायती आहेत. तेथें ग्रामसभा नाहीं. तेथील रहिवाशांनीं आपला विषय नगरसेवकामार्फत सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घालून घ्यावा व मुख्याधिकाऱ्यांस स्वतंत्र लेखी अर्ज द्यावा. आजूबाजूच्या खेड्यांस ग्रामसभेची वाट मोकळी आहे. आणि नाला अनेक शिवारांतून जात असेल तर नाल्यावरच्या सर्व गांवांनीं एकाच मजकुराचा ठराव करणें उत्तम.

पुरावा कसा जमवावा

बहुतेक तक्रारी पुराव्यावांचून मरतात. निरीक्षक येतो तेव्हां नाला कोरडा असतो. पाणी रात्रीं येऊन गेलेलें असतें अथवा पहिल्या मोठ्या पावसाबरोबर सोडलेलें असतें. म्हणून एक साधी वही घालावी. तारीख, वेळ, ठिकाण, पाण्याचा रंग व वास, मेलेले मासे, आजारी जनावर, कोणीं पाहिलें त्याची सही, एवढ्या नोंदी रोजच्या रोज व्हाव्या. मोबाईलवर छायाचित्र घेतांना त्यांत ओळखीची खूण, जसें कीं पुलाचा कठडा, देऊळ अथवा विजेचा खांब, येईल असें पाहावें. दोन महिन्यांची अशी वही शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षां अधिक उपयोगी पडते.

पाण्याचा नमुना तीन ठिकाणचा घ्यावा: सांडपाणी मिळण्याच्या वरचा, मिळतें तेथील, व खालचा. केवळ खालचाच नमुना दाखविला तर कारखानदार सहज म्हणेल कीं, घाण वरच्या गांवाची आहे. स्वच्छ प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्यानें तीनदां विसळून काठोकाठ भरावा, चिठ्ठी लावून बर्फांत ठेवावा, व चोवीस तासांच्या आंत प्रयोगशाळेंत पोंचवावा. पिण्याच्या पाण्यांतील जंतु तपासावयाचे असतील तर बाटली निर्जंतुक हवी. ती प्रयोगशाळेंतूनच आणावी. असा खाजगी नमुना मंडळाच्या नमुन्याची जागा घेत नाहीं. न्यायालयांत चालतो तो मंडळाच्या अधिकाऱ्यानें कायद्याच्या रीतीनें, कारखानदारास सूचना देऊन, मोहर लावून घेतलेला. परंतु खाजगी नमुना वाईट निघाला म्हणजे मंडळास स्वतःचा नमुना घेण्याचें टाळणें कठीण जातें, हा त्याचा उपयोग.

पीक जळालें असल्यास तलाठी (आतां ग्राममहसूल अधिकारी), कृषि सहायक (आतां सहायक कृषि अधिकारी) व ग्रामसेवक (आतां ग्रामपंचायत अधिकारी) यांचा संयुक्त पंचनामा मागावा. नांवें बदललीं तरी पंचनाम्याचें महत्त्व तेंच आहे. त्यांत गट क्रमांक, क्षेत्र, पीक व नुकसानीचें कारण स्पष्ट लिहून घ्यावें. "अज्ञात कारणानें" असा शेरा पडला तर तेथल्या तेथें लेखी हरकत घ्यावी. पुढें भरपाई मागण्याची वेळ आली कीं सर्व भार या एका कागदावर येतो.

राहिला कारखान्याच्या बाजूचा कागद. मंडळानें दिलेल्या संमतीची नोंदवही ठेवणें, व ज्याचा संबंध आहे अशा कोणासही ती योग्य वेळीं पाहूं देणें, हें १९७४ च्या कायद्याच्या २५ व्या कलमानें बंधनकारक आहे. संमतिपत्रांत किती पाणी, कोणत्या प्रतीचें, कोठें व किती एकरांवर सोडावयाचें तें लिहिलेलें असतें. त्याखेरीज माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वयें १० रुपयांच्या अर्जावर गेल्या तीन वर्षांतील तपासणीचे अहवाल, पृथक्करणाचे तक्ते, दिलेल्या नोटिसा व जप्त केलेल्या बँक हमी यांच्या नकला मागाव्या. ३० दिवसांत उत्तर मिळालें पाहिजे. संमतिपत्रांत लिहिलेली शेती प्रत्यक्षांत आहे काय, एवढें जरी गांवकऱ्यांनीं पाहून घेतलें तरी कित्येकदां प्रश्नाचें मूळ सांपडतें.

ग्रामसभेचा ठराव

ग्रामसभेस गणपूर्ति लागते: एकूण मतदारांच्या शेंकडा १५, अथवा १००, यांपैकीं जी संख्या कमी असेल ती. गणपूर्तीअभावीं तहकूब झालेल्या सभेंत नवा विषय घेतां येत नाहीं, म्हणून विषय आधींच लेखी देऊन विषयपत्रिकेवर घालून घ्यावा आणि माणसें खरोखर जमवावीं. स्त्रियांची सभा त्याआधीं होते. पाण्याचे हंडे त्यांच्याच डोक्यावर असल्यामुळें तेथें झालेला ठराव अधिक नेमका असतो.

"कारखान्याचा जाहीर निषेध" असा ठराव वर्तमानपत्रास बरा. कचेरींत त्याचें कांहीं होत नाहीं. ठरावानें कोणी, काय, किती दिवसांत करावें हें सांगितलें पाहिजे. उदाहरणार्थ:

"या गांवच्या शिवारांतील अमुक नाल्याचें पाणी अमुक तारखेपासून काळें व दुर्गंधियुक्त झालें असून अमुक गटांतील विहिरी पिण्यास निरुपयोगी झाल्याची तक्रार आहे. सबब ग्रामपंचायतीनें सात दिवसांच्या आंत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जालना कार्यालयास पत्र लिहून गांवचे दोन प्रतिनिधि समक्ष ठेवून नमुने घेण्याची मागणी करावी; जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडून सर्व सार्वजनिक विहिरींची तपासणी करून घ्यावी; तोंपर्यंत पिण्याच्या पाण्याची पर्यायी सोय करावी; आणि काय झालें याचा लेखी अहवाल पुढील ग्रामसभेपुढें ठेवावा."

ठरावाची प्रमाणित नक्कल घेऊन ती मंडळ, तहसीलदार, जिल्हाधिकारी व मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे द्यावी, आणि प्रत्येक ठिकाणीं आवक क्रमांक व तारीख आपल्या प्रतीवर घालून घ्यावी. हें क्षुल्लक वाटतें. पण पुढच्या सर्व मुदती या शिक्क्यापासून मोजल्या जातात. अधिकाऱ्यास कोंडणें, टँकर फोडणें असले प्रकार मात्र करूं नयेत. एका रात्रींत तक्रारदार आरोपी होतो व मूळ विषय बाजूस पडतो.

ठराव करतांना गांवानें आपल्या गटारांकडेही पाहावें. कोल्हापुराकडे पंचगंगेंत साखर कारखाने, इचलकरंजीचा कापडधंदा, शहरांचें मैलापाणी व नदीकांठच्या खेड्यांचीं गटारें सर्वच येऊन मिळतात. २०१२ मध्यें इचलकरंजींत काविळीची मोठी सांथ आली. त्या नदीच्या वादांत प्रत्येक पक्ष दुसऱ्याकडे बोट दाखवीत आला आहे, आणि खेड्यांचें गटार हें कारखानदारांस नेहमींच सोयीचें उत्तर झालें आहे. चार शोषखड्डे व एक नालाबंदिस्ती करून तें उत्तर काढून घेतां येतें.

पंचायत अथवा नगरपंचायत स्वस्थ बसली तर

या प्रश्नाचा निकाल मध्यप्रदेशांतील रतलामच्या रहिवाशांनीं लावून ठेविला आहे. तेथें उघडीं गटारें होतींच, शिवाय मद्यार्काच्या कारखान्याचें दुर्गंधीचें पाणी रस्त्यावर येत असे. लोकांनीं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमाखालीं दंडाधिकाऱ्याकडे अर्ज केला. त्यानें नगरपालिकेस हुकूम दिला. नगरपालिका पैसे नाहींत म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली. २९ जुलै १९८० रोजीं न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं निकाल दिला कीं, पैशाची तंगी हें कायदेशीर कर्तव्य टाळण्यास कारण होऊं शकत नाहीं. नगरपालिकेनें आपल्या अधिकारांत कारखान्याचें पाणी रस्त्यावर येणें ताबडतोब बंद करावें, आणि राज्य सरकारनेंही प्रदूषण थांबविण्यासाठीं इलाज करावा. जुनी संहिता आतां गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, व तोच अधिकार तिच्या १५२ व्या कलमांत आहे. अर्ज जिल्हाधिकारी अथवा उपविभागीय दंडाधिकारी यांच्याकडे करावयाचा. सार्वजनिक नाला, रस्ता अथवा पाणवठा बिघडला असला म्हणजे हें कलम लागतें. एकट्याच्या विहिरीपुरता वाद असला तर नाहीं.

पंचायतीनें फार पुढें जाऊन पाहिलें तें प्लाचिमाडा येथें. पेरुमाट्टी ग्रामपंचायतीनें एप्रिल २००३ मध्यें कोका-कोलाचा परवाना नवा करून देण्याचें नाकारलें. मार्च २००४ मध्यें उत्पादन थांबलें. पुढें २००५ मध्यें केरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठानें कंपनीच्या बाजूनें निकाल दिला, तरीही कारखाना पुन्हा चालू झाला नाहीं. न्यायालयांत पंचायतीची बाजू पडूं शकते, आणि गांव एकजुटीनें उभें राहिल्यास एवढ्यानें सर्व संपत नाहीं, हे दोन्ही धडे त्यांत आहेत.

कारखाना होण्यापूर्वीं, आणि सभासद म्हणून

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आधींच बोलणें. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें दिवसास ५००० टन व त्याहून अधिक गाळपाच्या साखर कारखान्यास पर्यावरणविषयक मंजुरी लागते व त्यासाठीं जनसुनावणी होते. किमान ३० दिवस आधीं एका स्थानिक भाषेंतील वर्तमानपत्रासह दोन पत्रांत जाहिरात येते. प्रकल्पाच्या अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय व जिल्हा परिषद येथें पाहावयास मिळतो. सुनावणीस जिल्हाधिकारी अथवा त्यांचे प्रतिनिधि अध्यक्ष असतात, तिचें चित्रण होतें, व इतिवृत्त तेथेंच स्थानिक भाषेंत वाचून दाखविलें जातें. आपलें म्हणणें त्यांत आलें कीं नाहीं हें ऐकल्यावांचून मांडवांतून उठूं नये. मात्र २०२१ पासून केवळ पेट्रोलमध्यें मिसळावयाच्या इथेनॉलच्या कित्येक प्रकल्पांस या सुनावणींतून सूट मिळाली आहे. तेथें संमतिपत्राच्या अटींवरच लक्ष ठेवावें लागेल.

सहकारी कारखान्याचा शेतकरी सभासदही असतो. वार्षिक सर्वसाधारण सभेंत उसाच्या दरावर तासन् तास चर्चा होते, पण सांडपाण्याच्या शुद्धीकरणावर वर्षांत किती खर्च झाला, यंत्र किती दिवस बंद होतें, मंडळाच्या किती नोटिसा आल्या, हें कोणी विचारीत नाहीं. हे प्रश्न आधीं लेखी द्यावे. ऊस तोडणीची पाळी लांबेल या भीतीनें एकटा सभासद गप्प बसतो, ही अडचण खरी आहे. म्हणून प्रश्नाखालीं निरनिराळ्या गांवांच्या वीस-पंचवीस सभासदांच्या सह्या असाव्या, म्हणजे रोष कोणा एकावर येत नाहीं.

वरची पायरी

एवढें करूनही मंडळ हललें नाहीं तर १९७४ च्या कायद्याच्या ४९ व्या कलमान्वयें ६० दिवसांची नोटीस देऊन खाजगी माणसासही फौजदारी न्यायालयांत फिर्याद नेण्याची वाट १९८८ पासून आहे. दंडाच्या तरतुदी अलीकडे बदलत आहेत, तेव्हां वकिलाचा सल्ला घेऊनच पाऊल टाकावें. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचें पीठ पुण्यास आहे. तेथें प्रदूषण थांबविण्याचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत, व भरपाईचा पांच वर्षांत करावा लागतो. योग्य कारण दाखविल्यास आणखी ६० दिवस मिळतात. भरपाई मागितली नसल्यास शुल्क १००० रुपये, मागितल्यास रकमेच्या शेंकडा एक.

तेथून पैसा लवकर येतो अशा भ्रमांत कोणी राहूं नये. राजस्थानांत उदेपूरजवळ बिच्छडी गांवच्या विहिरी १९८८ च्या सुमारास रासायनिक कारखान्यांच्या घाणीनें तांबड्या झाल्या. घाण करणाऱ्यानेंच ती निस्तरण्याचा खर्च सोसावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९९६ मध्यें दिला. खर्च ३७ कोटी ३८ लाखांवर ठरला. आणि २०११ मध्यें त्याच न्यायालयास तो चक्रवाढ व्याजासह भरण्याचा हुकूम पुन्हा काढावा लागला.

म्हणून विहिरीची पहिली तपासणी घाण येण्यापूर्वींच व्हावी हें बरें. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरांत सुरू होतें. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेंत नाल्याकांठच्या विहिरींची यादी करून त्याच आठवड्यांत नमुने द्यावे, दुसरे जानेवारींत व तिसरे गाळप संपल्यावर. तीन तक्ते शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे पाणी केव्हां व किती बिघडलें हें जालन्याच्या कचेरींत तोंडानें सांगण्याची गरज उरत नाहीं.